गोळी सापडली, पण पोहोचली का?

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडकडून येताना लांबूनच दिसतात. २१० मेगावॉटचे तीन संच असलेले हे केंद्र गोदावरीकाठच्या या गावाची ओळख बनले आहे. पण एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे या पट्ट्यातल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. केंद्रात वीज तयार होणे आणि घरातला दिवा लागणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मधे तारा लागतात, रोहित्र लागते आणि फ्यूज उडाला तर खांबावर चढणारा वायरमन लागतो. चिमण्या दिसणाऱ्या वस्त्यांनीही भारनियमनाच्या रात्री काढल्या आहेत.

वैद्यकशास्त्रातल्या शोधांचेही असेच आहे. नवे औषध, नवी लस किंवा नवी शस्त्रक्रिया आली की मोठी बातमी होते. मात्र तो शोध माणसाच्या आयुष्यात उतरतो, तो उपकेंद्रातल्या औषधांच्या कपाटातून, लसीच्या शीतपेटीतून आणि रात्री दोन वाजता वेळेवर आलेल्या गाडीतून. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते ७० च्या घरात आहे. ही वाढ नेमकी कशामुळे झाली, हे समजून घेतले तर पुढचा पैसा आणि कष्ट कुठे लावायचे तेही कळते.

लाल विंचू आणि एक स्वस्त गोळी

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात त्या काळी विंचूदंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, मरत असत. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण तिच्यापासून जिवाला धोका तुलनेने कमी. खरा घातक तो लहानसा लालसर विंचू. गंभीर दंश झालेल्या, दवाखान्यात दाखल केलेल्या शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस दगावत. त्यांना जी इंजेक्शने दिली जात, त्यांचा उपयोग होत नव्हता. मृत्यू नेमका कशाने होतो, हेच नीट माहीत नव्हते.

डॉ. बावस्करांनी केलेले काम सांगायला सोपे आणि करायला कठीण होते. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडपणा, छातीतले आवाज यांची तासातासाने नोंद ठेवली. त्यातून चित्र स्पष्ट झाले. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंची दारे उघडीच ठेवते. शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, दरदरून घाम येतो, उलट्या होतात. आवळलेल्या वाहिन्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, मग फुप्फुसात पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. विषाने सोडलेल्या या वादळात हृदय सापडते आणि माणूस जातो.

मारेकरी कळल्यावर उपाय जवळच सापडला. प्राझोसिन हे औषध उच्च रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणे हेच त्याचे काम. ते वेळेवर दिले की हृदयावरचा भार उतरतो. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा उपचार प्रसिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनपर्यंत खाली आले. पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविष मिळू लागले, तेव्हा महाडमध्येच ७० रुग्णांवर अभ्यास झाला. तो २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले, तर फक्त प्राझोसिन घेतलेल्यांपैकी ८. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या शोधासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. नवे रसायनही तयार करावे लागले नाही. लागले ते निरीक्षण, वही आणि खेड्यातच राहण्याची तयारी. कोकणातल्या माणसाला मारणारा आजार कोकणातच अभ्यासला गेला, म्हणून त्याचे उत्तर मिळाले.

मंत्राला यश का मिळते?

तरीही आज विंचू किंवा साप चावला की अनेक ठिकाणी पहिली धाव मांत्रिकाकडे असते. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. या विश्वासामागे अनुभव आहे, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावलेला आहे. विंचू चावलेल्या बहुतेकांना जबर ठणका लागतो आणि तो काही तासांत आपोआप ओसरतो. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे जाणाऱ्या दहांपैकी बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात. श्रेय मात्र मंत्राला मिळते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, त्याचे मोलाचे तास तिथे जातात. तो दगावला की ‘त्याची वेळच भरली होती’ असे म्हटले जाते.

वैद्यकशास्त्र आणि अनुभव यांत फरक आहे तो इथे. शास्त्र वाचलेल्यांबरोबर मेलेल्यांचीही मोजदाद करते. उपचार दिलेले आणि न दिलेले यांची तुलना करते. ही मोजण्याची शिस्त कोणत्याही एका औषधापेक्षा मोठा शोध आहे.

पण लोकांनी मांत्रिक सोडून आरोग्य केंद्रात यावे असे वाटत असेल, तर केंद्रात डॉक्टर आणि औषध दोन्ही हवेत. मण्यार रात्री झोपेत चावते. दंशाची खूण कधी दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडखळतो. अशा रुग्णाला घेऊन नातेवाईक पोहोचले आणि ‘इथे इंजेक्शन नाही, पुढे जा’ हे उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी ते कुठे जातील? विश्वास भाषणाने बसत नाही, कपाटातल्या कुपीने बसतो.

पुण्याच्या कारागिराची शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेचा इतिहासही हेच सांगतो. इंग्रज सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या ताब्यात सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने, तत्कालीन वर्णनानुसार विटा घडवणाऱ्या जातीतल्या माणसाने, त्याचे नाक पुन्हा बसवले. मेणाचा नमुना करून तो कपाळावर ठेवायचा, त्या मापाने कातडी सोडवायची, दोन भुवयांमध्ये ती थोडी जोडलेली ठेवून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची, अशी ती रीत होती. जोडलेल्या भागातून रक्त मिळत राहते, म्हणून कातडी जगते. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया करून दाखवली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात या पुणेरी नाकाला मानाचे पान आहे.

या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. पण त्यापुढचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ही विद्या पुण्याजवळ होती, मग ती इथे का वाढली नाही? त्या कारागिराचे नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. कौशल्य घराण्यात राहिले, लिहिले गेले नाही, इतरांना शिकवले गेले नाही. कार्प्यूंनी मात्र १८१६ मध्ये पुस्तक छापले आणि ती पद्धत युरोपभर गेली. शोध एकाच्या हातात राहिला तर त्याच्याबरोबर मरतो. लिहिला, तपासला आणि शिकवला गेला तरच तो सगळ्यांचा होतो.

कावसजीला भूल मिळाली नव्हती. ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया बोस्टनमध्ये जाहीरपणे दाखवली गेली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. जखमेतला पू जंतूंमुळे होतो हे ओळखून जोसेफ लिस्टर यांनी निर्जंतुकीकरणाची पद्धत १८६७ मध्ये मांडली. रक्तगट कळले १९०१ च्या सुमारास आणि पेनिसिलिन रुग्णांना मिळू लागले ते १९४० च्या दशकात. या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कुठे शस्त्रक्रिया हा शेवटचा भयंकर पर्याय न राहता रोजचा उपचार झाला. आज अपेंडिक्स फुटलेला मुलगा आठवड्याभरात घरी जातो आणि अडलेली बाई बाळासह सुखरूप सुटते. यामागे एक चमत्कार नाही, शंभर वर्षांची साखळी आहे.

साखळीतली एक कडी मुंबईची आहे. डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एक दुर्मीळ रक्तगट नोंदवला. तो जगभर ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे दिसते, पण अशा माणसाला ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतू शकते. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, महाराष्ट्रात तो तुलनेने अधिक आढळतो. म्हणून रक्तपेढीत रक्त जुळवून पाहण्याची तपासणी ही कागदी औपचारिकता नसते.

मोठी बातमी, छोटी पुडी

डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातले पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. भारतातले पहिले यशस्वी हृदयरोपण त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९९४ मध्ये दिल्लीत झाले. मधल्या काळात शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची औषधे आली आणि मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याचा कायदा झाला. डॉ. सेन यांचे धाडस वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. मोठी केंद्रे आणि कठीण शस्त्रक्रिया हव्यातच.

पण याच काळात, १९७१ मध्ये, बंगालच्या सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती. सलाईन संपले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि पाण्याचे मिश्रण पिंपात भरून नातेवाइकांनाच रुग्णांना पाजायला लावले. साखरेबरोबर मीठ आतड्यातून शोषले जाते आणि पाणी त्यांच्यामागे जाते, हे प्रयोगशाळेत आधीच कळले होते. छावणीतले मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसवरून चारच्या खाली आले. आज खेड्यातल्या आशाताईंच्या पिशवीत असलेली ओआरएसची पुडी ती हीच. तिने जगभरात वाचवलेल्या मुलांची संख्या कोणत्याही शस्त्रक्रियागृहाच्या आवाक्याबाहेरची आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हाच धडा पुढे नेला. गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे शिकवले. ३९ गावांत हे काम झाले, ४७ गावांशी तुलना केली गेली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. तेच काम पुढे देशाच्या धोरणात आले.

आयुर्मान ३२ वरून ७० वर नेण्यात सर्वांत मोठा वाटा अशा साध्या गोष्टींचा आहे. लस, स्वच्छ पाणी, ओआरएस, प्रतिजैविके आणि सुरक्षित बाळंतपण यांमुळे लहान मुले जगू लागली, म्हणून सरासरी वाढली. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला, पोलिओचा २०११ मध्ये. हे दोन्ही आजार घरोघर जाणाऱ्या माणसांनी हटवले.

पोहोचत नाही तिथे, आणि गरजेपेक्षा जास्त पोहोचते तिथे

पोहोच तुटली की काय होते, हे नाशिकने पाहिले आहे. ऑक्सिजनचा शोध अठराव्या शतकातला. २१ एप्रिल २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिक महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि २२ रुग्णांचा जीव गेला. डॉक्टर होते, खाटा होत्या, ऑक्सिजनही टाकीत होता. खाटेपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. शास्त्राने दिलेले सगळे एका जोडणीवर अडते, ते असे. रुग्णालयातला तंत्रज्ञ, प्लंबर, वीजतंत्री यांना आपण आरोग्यसेवेत मोजत नाही. मोजायला हवे.

दुसरे टोकही तितकेच धोक्याचे आहे. सिझेरियनने असंख्य माता वाचवल्या. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २१ या काळात देशातल्या सरकारी रुग्णालयांत १४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, तर खासगीत ४७ टक्के. सरकारीकडे गुंतागुंतीचे रुग्ण कमी येतात, असे कोणी म्हणू शकणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत काम बुडते, म्हणून तरुण बाईचे गर्भाशय काढले जावे, ही शस्त्रक्रियेची प्रगती नव्हे. शस्त्र तेच, हातही कुशल, फक्त निर्णय चुकीचा. साध्या सर्दी-तापाला प्रतिजैविके देण्याचेही तसेच. पेनिसिलिनने मिळवलेले आपण हळूहळू गमावत आहोत, कारण औषधाला सरावलेले जंतू वाढत आहेत.

एकाच जिल्ह्यात एका बाईला वेळेवर सिझेरियन मिळत नाही आणि दुसरीला विनाकारण मिळते. या दोघींना पुरेसे पडेल असे एकही नवे यंत्र नाही. पहिलीला गाडी, भूलतज्ज्ञ आणि रक्त हवे. दुसरीला प्रामाणिक सल्ला हवा.

करता येण्याजोगे

मग करायचे काय? पहिले, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर फळ्यावर दहा-बारा जीवरक्षक औषधांचा आजचा साठा लिहिला जावा. सर्पदंशाचे प्रतिविष, विंचूदंशासाठी प्राझोसिन, श्वानदंशाची लस, ओआरएस, बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारे औषध. हे लिहायला खडू लागतो, निधी लागत नाही. दुसरे, प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती कागदावर आहे. तिची बैठक खरोखर व्हावी आणि ‘या तिमाहीत आपल्या गावातले कोण आणि कशाने गेले’ हा एकच प्रश्न तिने विचारावा. बावस्करांची वही म्हणजे हाच प्रश्न होता. तिसरे, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयातल्या सिझेरियन आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची तपासणी व्हावी आणि आकडे लोकांसमोर यावेत. चौथे, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. शिकाऊ डॉक्टरांना ग्रामीण केंद्रात केवळ सेवेसाठी न पाठवता, तिथल्या आजारांची नोंद आणि अभ्यास करण्यासाठीही पाठवावे. कांदा, द्राक्ष, ऊस यांच्या शेतात राबणाऱ्यांचे साप, कीटकनाशके, पाठीचे आजार, आणि वीज केंद्राच्या परिसरात राहणाऱ्यांची फुप्फुसे, हे विषय बोस्टनमध्ये कोणी अभ्यासणार नाही.

नागरिकांनाही थोडे करता येईल. रात्री शेतात जाताना बॅटरी आणि पायात बूट, जमिनीऐवजी खाटेवर झोपणे, अंथरूण आणि चपला झटकून घेणे. दंश झाला तर जखम कापू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवू नये. रुग्णाला शांत ठेवून १०८ क्रमांकाला फोन करावा. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले, तर ठणका कमी आहे म्हणून थांबू नये. डॉक्टरने शस्त्रक्रिया सुचवली तर ‘आजच करायला हवी का, नाही केली तर काय होईल’ हे विचारण्यात संकोच नको. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

विंचवावरची गोळी सापडून आता चाळीस वर्षे होत आली. ती काही रुपयांना मिळते. तरीही एखाद्या गावात विंचूदंशाने मूल दगावले, तर त्या मृत्यूसाठी विज्ञानाकडे उत्तर नव्हते असे म्हणता येणार नाही. उत्तर होते. ते त्या रात्री त्या कपाटात का नव्हते, एवढेच शोधायचे उरते, आणि तो शोध आपल्यालाच लावायचा आहे.